संकासुराकडून संहिता मागवू नका

प्रति,
मा. मुख्याधिकारी आणि नगरपरिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

तुमच्या कार्यालयात मला 'भोंगेवाला' म्हणतात. गेली 22 वर्षं मी साउंडचा धंदा करतो. जत्रा, लग्नं, डबलबारीची भजनं, शाळांची गॅदरिंगं, 15 ऑगस्टचं झेंडावंदन, सगळीकडे माझेच भोंगे. रात्री दहानंतर वाजले म्हणून ते दोनदा जप्तही झालेत आणि दोन्ही वेळा चूक माझीच होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे हा माणूस नियमांविरुद्ध उठलाय असं कुणाला वाटायला नको.

हे पत्र आवक-जावकच्या टेबलावर देऊन पोच घेता आली असती. तशी तीन दिली. तिन्हींची पोच आहे, उत्तर एकाचंही नाही. म्हणून चौथं सगळ्यांसमोर वाचतोय. लोकांना ऐकू जाईल असं बोलायची धंद्यामुळे सवयच आहे.

विषय तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या गावचा, मालवणीत स्टँडअप करणारा तो मुलगा गेल्या वर्षी आषाढात गेला. 31 वर्षांचा होता. त्याचं नाव इथं लिहीत नाही, कारण त्याच्या आईनं बजावलंय, 'झिलाचा नाव भांडणात घालू नकात.' गावाचंही नाव लिहीत नाही. जेटी, मासळी बाजार आणि गळका खुला रंगमंच असलेली गावं वेंगुर्ल्यापासून देवगडापर्यंत हवी तेवढी सापडतील. ज्याला कळायचं त्याला कळेल.

वर्षश्राद्ध आषाढातच झालं, घरच्या घरी. भर पावसात खुल्या रंगमंचावर काही करायची सोय नाही. म्हणून आम्ही चार मित्रांनी त्याच्या वाढदिवसाची तारीख धरली. तुळशीची लग्नं उरकलेली असतात, जत्रा लागलेल्या असतात, आभाळ मोकळं असतं. दोन तासांचा कार्यक्रम, कुणी पाहुणा नाही, तिकीट नाही. त्याच्या मागून उभी राहिलेली पाच-सहा पोरं आणि एक पोरगी आपापली दहा-दहा मिनिटं करतील, मधे त्याचे जुने व्हिडिओ. रंगमंचाचं भाडं भरलं, पोलिसांकडे अर्ज दिला, तुमची परवानगीही आली.

मग तीन आठवड्यांनी 'सुधारित परवानगी' आली. तिच्यात नऊ अटी आहेत. सात मला मान्य आहेत. कचरा उचलायचा, दहाला बंद करायचं, नारळाच्या झाडांना खिळे मारायचे नाहीत वगैरे. त्या नसत्या तरी पाळल्या असत्या. भांडण चौथ्या आणि सातव्या अटीशी आहे.

चौथी अट अशी की सर्व कलाकारांनी आपल्या सादरीकरणाची लेखी संहिता तीन प्रतींत, पंधरा दिवस आधी कार्यालयात द्यावी. सातवी अट अशी की कार्यक्रमात 'स्थानिक प्रशासन, लोकप्रतिनिधी व नागरी सुविधा यांविषयी उपहासात्मक वक्तव्य' होणार नाही, असं हमीपत्र आयोजकांनी स्टॅम्पपेपरवर द्यावं.

साहेब, तुम्ही बदलून आलात, तुमच्यापर्यंत सगळं पोचलं नसेल. म्हणून तो काय करायचा ते आधी सांगतो.

त्याचा आजा दशावतारात होता. नाव झालेल्या कंपनीत नव्हे, गावच्या हौशी मंडळात. पण संकासुर करावा तर त्यानं, असं म्हणणारी म्हातारी माणसं अजून आहेत. तुम्ही घाटावरचे, म्हणून सांगतो. मुख्य आख्यान सुरू होण्याआधी आडदशावतार असतो. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, भटजी येतो आणि मग काळ्या कपड्यांतला संकासुर येतो. वेद चोरलेला राक्षस तो, पण बोलतो अस्सल मालवणी. भटजीला टोमणे मारतो, पुढ्यात बसलेल्या मानकऱ्याला विचारतो की यंदा देवळाच्या हिशेबाचं काय झालं. मानकरी हसतो. हसावंच लागतं, सगळा गाव त्याच्याकडे बघत असतो. शेवटी विष्णू येऊन संकासुराला मारतो, पण तोवर त्याला बोलू देतो.

याची संहिता कुठे असते? कुठेच नसते. दशावतारात संहिताच नसते. प्रयोगाआधी रंगपटात तोंडाला रंग लावता लावता आख्यान ठरतं, कोण कुठल्या प्रवेशात येणार ते ठरतं आणि पुढचं बोलणं स्टेजवर जे सुचेल ते. एक बाकडं, पायपेटी, मृदंग, झांज आणि तोंडातला शब्द यावर रात्र उजाडते. मी शेकडो रात्री मिक्सरमागे बसून हे ऐकलंय. एकच आख्यान त्याच मंडळाकडून सात गावांत ऐकलं आणि सातही वेळा वेगळं ऐकलं. आता मला सांगा, तीन प्रती कशाच्या काढायच्या?

पोरगा आजाच्या मांडीवर बसून हे शिकला. पुढे मुंबईत गेला, कुरियर कंपनीत कामाला लागला आणि रात्री अंधेरीला क्लबांत जाऊन उभा राहू लागला. पहिल्या खेपेला चौदा माणसं होती, त्यातली अकरा आपली पाळी यायची वाट बघणारे दुसरे विनोदवाले. उरलेली तीन कणकवलीची. ती पत्ता चुकून आली होती, असं तो सांगायचा. लोक म्हणाले हिंदीत कर, चालेल. त्यानं थोडं केलं, चाललंही. मग एक दिवस ते सोडून मालवणीत उभा राहिला आणि फोनवरून त्याचे तुकडे चाकरमान्यांच्या सगळ्या ग्रुपांवर फिरले.

पण दर वर्षी जत्रांच्या दिवसांत तो इथं यायचा आणि आपल्या गळक्या रंगमंचावर फुकट कार्यक्रम करायचा. माइक कधी हातात घेतला नाही, स्टँडवरच ठेवायचा. दशावतारात माइक वरून टांगलेले असतात, हात मोकळे हवेत, ही आजाची शिकवण. आणि स्टेजवर स्वतः कधी हसला नाही. एकदाही नाही. तोंड असं, जणू कुणीतरी त्याला वीजबिल वाचायला दिलंय.

हायवेवर त्याचं एक होतं. 'मी बारावीत होतंय तेव्हा रुंदीकरण सुरू झाला. माझी रुंदी वाढली, हायवे थयच.' यावर पनवेलपासून सावंतवाडीपर्यंत कुठेही हसू यायचं, त्यात त्याचं कौतुक नाही. त्याचं खरं कसब गावच्या गोष्टींत. 'नळाक पाणी येता तेव्हा मी घराक नसतंय, नि मी घराक असलंय काय पाणी नसता. आमची गाठ घालून देणारो एक मध्यस्थ होयो.' किंवा जेटीवरच्या दिव्याचं: 'तो कधी चुकान पेटलो, तर मच्छीमार परत फिरतत. तेंका वाटता वादळाचो बावटो लागलो.'

दिव्याचं बोलला त्याच्या पुढच्या आठवड्यात जेटीवरचा दिवा लागला. तो अजून चालू आहे, साहेब, रात्री जाऊन बघा. तुमच्या आधीचे साहेब त्या कार्यक्रमाला दुसऱ्या रांगेत होते. त्यांनी नोटीस काढली नाही, बल्ब बदलला.

आणि नळाच्या विनोदावर सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असेल? तुमचाच पाणी सोडणारा माणूस. कार्यक्रम संपल्यावर तो स्टेजमागे आला आणि म्हणाला, तू सहाला पाणी येतं म्हणालास, मी साडेपाचला सोडतो, नीट माहिती घे. पुढच्या वर्षी पोरानं तो विनोद करताना वेळ साडेपाच केली आणि आधी चुकीचं सांगितलं म्हणून माफीसुद्धा मागितली, तशाच कोऱ्या चेहऱ्यानं. आपली आकडेवारी चुकली असं आपल्या त्या रंगमंचावरून कबूल केलेला दुसरा वक्ता मला तरी आठवत नाही. मी सगळ्यांना माइक दिलाय.

आता माझ्या धंद्यातलं एक निरीक्षण सांगतो, त्याखेरीज माझी तक्रार नीट कळणार नाही. हशालाही दिशा असते. भाषणातला विनोद असेल तर हसू पहिल्या रांगेतून निघतं. मान्यवर हसले की दुसरी रांग हसते, मग मागचे हसतात, काही तर नुसते दात दाखवतात. याच्या कार्यक्रमात हसू मागून यायचं. आधी नारळाखाली उभे रिक्षावाले, मग बाजारातून टोपली घेऊन तशाच थांबलेल्या बायका, मग प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि सगळ्यात शेवटी, इकडे-तिकडे बघून, पहिली रांग. मला आवाज त्याप्रमाणे वर-खाली करावा लागायचा, म्हणून हे ठाऊक. तुमची सातवी अट म्हणजे हसू पुढून मागे गेलं पाहिजे असा ठराव आहे. ते होत नाही, साहेब. मिक्सरवर तसलं बटणच नाही.

बरं, आपल्याकडे राज्यकर्त्यावर हसायची ही काही नवी टूम नव्हे. आपल्या बोलीतलं सगळ्यात गाजलेलं नाटक गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण', 1980 सालचं. पाच हजारांवर प्रयोग झाले त्याचे. त्यात मच्छिंद्र कांबळी कोण व्हायचे? तात्या सरपंच. गावचं नाटक बसतंय आणि सरपंच त्यात नको तिथं नाक खुपसतोय, यावर अख्खा महाराष्ट्र हसला. कोकणातले खरेखुरे सरपंच पहिल्या रांगेत बसून हसले. त्यातल्या एकानंही हमीपत्र मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. कांबळी 30 सप्टेंबर 2007 ला गेले, साठाव्या वर्षी. लक्ष्मीकांत बेर्डे त्याआधी, 16 डिसेंबर 2004 ला, अवघ्या पन्नाशीत. त्यांच्या शोकसभांना कोण काय बोललं हे आज कुणाच्या लक्षात नाही. तात्या सरपंच मात्र आमच्या लग्नांत अजून बोलतो.

नाट्यसंहिता तपासायला राज्यात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे. ते असावं की नसावं यावर नाटकवाले आपसांत भांडतात, ते त्यांचं चालू दे. पोलिसांचा परवाना असतो, तो आम्ही काढतो. आवाजाचे नियम 2000 सालापासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगे बंद, वर्षातले ठरावीक पंधरा दिवस फार तर बारापर्यंत सूट. तो कागद मी दुकानात लावून ठेवलाय. नगरपरिषदेचं काम रंगमंच भाड्यानं देणं, झाडून ठेवणं आणि मीटर चालू ठेवणं. विनोद तपासणं हे काम तुमच्याकडे कधी आलं, कुठल्या ठरावानं आलं, हे मी दुसऱ्या पत्रात विचारलं होतं. पोच माझ्याकडे आहे.

या दोन अटींपुरतंच असतं तर कदाचित तोंडी मिटलं असतं. पण सुधारित परवानगीबरोबर तुम्ही कार्यक्रमसुद्धा सुधारलात.

आमच्या दोन तासांचा आता 'हास्यसम्राट स्मृती महोत्सव' झालाय. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, प्रास्ताविक, पाच मान्यवरांचे सत्कार, पाच मान्यवरांची मनोगतं, मग अध्यक्षीय भाषण. पोरांना शेवटची पंचेचाळीस मिनिटं. पत्रिकेचा मसुदा मी पाहिला. त्यात सतरा नावं आहेत आणि त्याच्या आईचं नाव नाही. बसण्याच्या नकाशात आई-वडील तिसऱ्या रांगेत आहेत, खांबामागे. त्या खांबावर माझा उजवा भोंगा असतो, तिथं बसलेल्याला दिसत काही नाही आणि रात्रभर कान वाजतात. हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. ज्यानं नकाशा काढला त्याला ती दोघं आठवलीच नाहीत एवढंच. त्याला हास्यसम्राट म्हणू नका, ही माझी वेगळी विनंती. सम्राट ऐकल्यावर त्यानं आधी विचारलं असतं, 'सात-बाऱ्यार नाव खय चढवक होया?'

मग पुतळा. जेटीकडे जाणाऱ्या कोपऱ्यावर त्याचा अर्धपुतळा, समोर माइक, बाजूला गावाच्या नावाची रंगीत अक्षरं आणि सेल्फी पॉइंट. चित्र वॉर्डातल्या ग्रुपवर आलंय. चित्रात तो हसतोय. टूथपेस्टच्या जाहिरातीसारखा, सगळे दात दाखवून. ज्यांनी त्याला एकदा तरी पाहिलंय त्यांना हे चित्र दाखवा, ते विचारतील हा कोण. तुमचा हेतू वाईट नाही, मला कळतं. गावचा पोरगा गेला, काहीतरी करावं असं वाटणं चांगलंच. पण आमच्या बापजाद्यांना पुतळा आणि तोंड बंद करण्याची अट एकाच लखोट्यात आलेली पाहायला मिळाली नव्हती, ती आम्हाला मिळाली.

आणि तो ज्या रंगमंचावर उभा राहिला त्याची अवस्था? वरचे पत्रे 'तौक्ते'च्या वाऱ्यात उडाले ते 2021 सालच्या मे महिन्यात. अर्धे नवे आले, अर्ध्यांवर निळं प्लास्टिक आहे. मेकअपची खोली आहे, तिच्यात ब्लीचिंग पावडरची पोती. गेल्या वेळी त्या पोरीनं स्टेजवर जाण्याआधी शेजारच्या हॉटेलात जाऊन कपडे बदलले, कारण बायकांच्या संडासाला कुलूप आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही. मीटरला अर्थिंग नीट नाही. दोन वर्षांपूर्वी माइकला हात लावल्यावर एका शाळकरी मुलाला झटका बसला. थोडक्यात निभावलं. तेव्हापासून मी जनरेटर स्वतःचा आणतो, डिझेल स्वतःचं घालतो आणि विजेचं भाडं तरीही नगरपरिषदेला भरतो. पावती फाडून देणारा माणूस चांगला आहे, तोही दर वेळी 'सॉरी हां' म्हणतो.

आता शेवटची गोष्ट. ही लिहायची की नाही यावर दोन दिवस घालवले.

तो कशानं गेला हे गावात सगळ्यांना माहीत आहे, तरी 'ताप आला आणि गेला' असंच बोलतात. लेप्टोनं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसनं गेला. आपल्या जिल्ह्याला हा शब्द नवा नाही. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून जंतू शेतातल्या पाण्यात येतात, पायाला कुठं चिरलेलं असेल तर तिथून अंगात शिरतात. म्हणून भातलावणीच्या दिवसांत आरोग्याची माणसं घरोघर डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिनच्या) गोळ्या वाटतात, आठवड्याला एकदा घ्यायच्या. या गोळ्यांवर त्याचा एक विनोद होता. खिशातून पाकीट काढायचा, लोकांसमोर एक गोळी फोडून चिमटीत धरायचा, बराच वेळ तिच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, 'रोग उंदराचो नि गोळी माका! उंदीर मोकळो.' यावर एवढं हसू यायचं की मला आवाज खाली घ्यावा लागायचा.

त्या वर्षी तो लावणीला घरी आला होता. दोन दिवस चिखलात होता, टाचेला भेगा. परत मुंबईला जाऊन शनिवारी कार्यक्रम करायचा होता. मंगळवारी ताप आला. पोटऱ्या दुखतायत म्हणाला, लावणीनं दुखत असतील असं सगळ्यांना वाटलं, मलासुद्धा. मेडिकलमधून तापाची गोळी आणून चार दिवस अंगावर काढला. डोळे पिवळे झाले तेव्हा गाडी केली. आधी तालुक्याला, तिथून गोव्याला. तोवर मूत्रपिंडं गेली होती. मी इथं कुठल्याही डॉक्टरकडे बोट दाखवत नाही, ज्यांच्याकडे तो पोचला त्यांनी जे करायचं ते केलं. तो पोचला उशिरा.

नंतर त्याची बॅग आईनं उघडली तेव्हा मी तिथं होतो. पाकीट होतं. दहातली एक कमी होती, स्टेजवर दाखवायला फोडलेली ती. नऊ तशाच होत्या.

तर साहेब, नागरी सुविधांवरचे विनोद वगळून या मुलाची आठवण कशी काढायची, ते तुम्हीच मला सांगा. त्याच्याकडे दुसरे विनोद नव्हते. नळ, दिवा, रस्ता, उंदीर, गोळी. तेवढ्यावर त्यानं आम्हाला सहा वर्षं हसवलं आणि त्यातल्याच एकानं गेला. सातवी अट पाळून कार्यक्रम करायचा तर मी माइक चालू करून दोन तास समुद्राचा आवाज ऐकवू शकतो. त्यावर कुणाची हरकत नसावी.

आमचं मागणं इतकंच.

चौथी आणि सातवी अट लेखी मागे घ्या. आमची पहिली परवानगी होती तशी द्या, तीत कार्यक्रमाचं नाव, वेळ आणि कलाकार आमचे.

सत्कार आणि भाषणं हवी असतील तर नगरपरिषदेनं आपला वेगळा दिवस धरावा. त्या दिवशीही साउंड मी लावीन, आणि भाडं घेणार नाही. पण आमच्या कार्यक्रमाला तुम्ही या. पहिल्या रांगेत त्याचे आई-वडील बसतील, त्यांच्या बाजूच्या खुर्च्या तुमच्यासाठी राखून ठेवतो. तुमच्यावर एखादा विनोद झाला तर हसा, नाही पटला तर त्या पाणीवाल्यासारखं स्टेजमागे येऊन सांगा.

अर्धपुतळा आणि सेल्फी पॉइंट रद्द करा. आई-वडिलांनी तसं लिहून दिलेलं पत्र माझ्या तिसऱ्या अर्जाला जोडलेलं आहे. तो खर्च रंगमंचाकडे वळवा. आधी अर्थिंग, मग पत्रे, मग बायकांचा संडास आणि मेकअपची खोली, स्टेजवर जायला चाकाच्या खुर्चीसाठी उतार. हाच क्रम हवा, कारण पावसानं भिजतं, अर्थिंग नसलं तर माणूस मरतो.

महिन्यातून एक संध्याकाळ रंगमंच गावच्या पोरांना बिनभाड्याचा द्या. कुणीही यावं, माइकसमोर पाच मिनिटं उभं राहावं. विनोद, गाऱ्हाणं, गझल, काय वाटेल ते. साउंड माझा, दर महिन्याला, फुकट. हे मी सही करून द्यायला तयार आहे, हवं तर स्टॅम्पपेपरवर.

आणि एक मागणं आईचं आहे. कचऱ्याची घंटागाडी सकाळी हिंदी गाणं वाजवत फिरते. जून-जुलैत, लावणीच्या दिवसांत, त्या गाण्याऐवजी त्याचा गोळीचा विनोद वाजवा. चाळीस सेकंदांचा आहे. त्याच्यापुढे आमच्या आशाताईंच्या, म्हणजे आरोग्याच्या आशा सेविकेच्या, आवाजात दोन वाक्यं जोडू: गोळी वेळेवर घ्या, आणि शेतातून आल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखल्या तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. आशाताई तयार आहेत. आवाज मी साफ करून ठेवलाय, मागचं हसूसुद्धा तसंच ठेवलंय, रिक्षावाल्यांचं. पेनड्राइव्ह तुमच्या कार्यालयात शुक्रवारी आणून देतो.

कार्यक्रमाच्या दिवशी माझा टेम्पो दुपारी तीनला स्टेजमागे लागेल. संडासाची आणि मीटरच्या पेटीची किल्ली कुणाकडून घ्यायची, तेवढं कळवावं.

आपला नम्र,
भोंगेवाला